आमची वाटचाल: एक नंबर, दोन बिलं

2012 साली आम्ही दोघा मित्रांनी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका गाळ्यात सुरुवात केली. खत-बियाण्यांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. एक दुकान, एक कॉम्प्युटर. मग एका गिऱ्हाइकाच्या पाच शाखा झाल्या: सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत. म्हणाले, "साठा सगळीकडं एकच दिसला पाहिजे, आणि सांगलीची लाइन गेली म्हणून जतेत बिल अडायला नको." आम्ही हो म्हणून बसलो. तेव्हा कशालाही हो म्हणायचो.

पहिली युक्ती: दहा सेकंद उत्तर नाही आलं, की ते मशीन मेलं समजायचं. जतचं मशीन ठणठणीत असायचं, डोंगल रडतखडत चालायचं. मेलंय की उशीर करतंय, हे नुसती वाट बघून कळत नाही. निरोपाला किती वेळ लागेल याची हमीच नसेल, तर एखादंच मशीन बंद पडू शकतं एवढ्यानंही, नाणेफेकीविना (म्हणजे नशिबावर काही न सोडता) मशीनांचं एकाच नोंदीवर हमखास एकमत घडवणारी पद्धत अशक्य ठरते. फिशर, लिंच आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी हे 1985 मध्ये सिद्ध केलं होतं. आम्हाला कळलं 2016 मध्ये. आधी कळतं तर कोटेशन वेगळं दिलं असतं.

मग मशीनांचं एकमत घडवायची, 2014 मध्ये आलेली राफ्ट पद्धत घेतली. पाच मशीनांतला एक, मतं घेऊन निवडलेला लीडर, आमच्याकडं त्याला सरपंच म्हणतात. ठरल्या मुदतीत त्याचा निरोप आला नाही, की नवी निवडणूक. तिघांच्या नोंदीत आलं की बिल पक्कं. एकमत लांबलं तर बिल थांबतं, पण चुकत नाही. पूर्वी सगळे सगळ्यांना निरोप धाडायचे, फेरीला 20. आता सरपंचाचे चौघांना आणि चौघांचे त्याला, 8. डेटापॅक महिनाभर पुरायला लागला. राफ्टच्या शोधनिबंधातली 150 ते 300 मिलिसेकंदांची मुदत डोंगलवर लावली, तेव्हा मात्र दिवसभर निवडणुकाच चालल्या.

तरी एकदा एकाच नंबरचं बिल मिरजेत फाटलं आणि विट्यातही. दोन रात्री लॉग चाळले. तासगावच्या मशीननं मिरजेला मत दिलं, ते डिस्कवर उतरायच्या आत लाइट गेली. मशीन परत उठलं, आधीचं मत विसरलं, त्याच निवडणुकीत विट्यालाही मत देऊन मोकळं. वेग वाढावा म्हणून डिस्कवर उशिरा लिहायचं, हे डोकं माझंच.

आता मत आधी डिस्कवर, मग उत्तर. तासगावच्या यूपीएसची बॅटरी मालकांनी अजून बदललेली नाही.