माथेरानचे पहिले डॉक्टर

नेरळहून घाट चढणारी टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. तिथून पुढे पायी, घोड्यावर, हातरिक्षाने, नाहीतर ई-रिक्षाने. माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, पण वाहनबंदी त्याच्याही कितीतरी आधीची. रुग्णवाहिकेला मुभा आहे, पण ती मुख्य रस्त्याने येणार. पॉइंटवर कोणी पडलं तर तिथून त्या रस्त्यापर्यंत कसं आणायचं?

शार्लोट तलावाकडून परतताना ते प्रत्यक्ष पाहिलं. एक बाई घोड्यावरून पडल्या होत्या, मनगट वाकडं झालेलं. नवरा त्यांना उठवायला धावला, तर घोडेवाल्या काकांनी अडवलं, "दादा, ओढू नका. ताई, हात आहे तसाच धरा, आधी बांगड्या काढू." सूज चढली की बांगड्या निघत नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. टपरीवरून खोक्याचा पुठ्ठा आला. तो कोपरापासून बोटांपर्यंत हाताखाली घेतला आणि ओढणीने दुखऱ्या जागेच्या अलीकडे-पलीकडे बांधला. मग काकांनी बाईंचं नख दाबून सोडलं. रंग परतला, म्हणजे बोटांपर्यंत रक्त पोचतंय, तेव्हा कुठे ते उठले.

हातरिक्षा आली. पुढून एकजण ओढत होता, मागून दोघे सांभाळत होते. पावसाने उघड्या पडलेल्या दगडांवर ते चाक अक्षरशः उचलून ठेवत होते. नगरपरिषदेच्या दवाखान्यात वेदनाशामक मिळालं. एक्स-रेसाठी मात्र खाली कर्जतला जायचं ठरलं.

१०८ ची सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. फोन फुकट लागतो आणि गाडीत डॉक्टर असतो. चालकाला सगळे 'पायलट' म्हणतात. पण पॉइंटवरून गाडीपर्यंत पोचायला लागणारा तास-दीड तास हात मोडला तर निभतो, हृदयविकाराचा झटका आला तर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. माणसाने माणूस ओढणं थांबायलाच हवं. पण ई-रिक्षा देताना याच मंडळींना प्रथमोपचार आणि सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबत राहणं) शिकवा, दूरच्या पॉइंटांवर एकेक घडीचं स्ट्रेचर ठेवा. आणि तुम्ही जाल तेव्हा वाटेतल्या पॉइंटांची नावं वाचत चला. १०८ वाले पहिल्यांदा तेच विचारतात.