सही करण्याआधी

ऑफर लेटर आलंय. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, एअरबस ए३२० विमानावर. टाइप रेटिंग, म्हणजे हे विमान उडवायची परवानगी, मिळून बरेच महिने झाले, हात शिवशिवतायत. शिवाय रेटिंग टिकवायचं तर सिम्युलेटरवर दर वर्षी चेक द्यावा लागतो, तो खर्च घरी बसून किती दिवस झेपणार? दुसरी कुठली कंपनी असती तर एव्हाना सही करून पत्र पाठवलंही असतं. पण या कंपनीचं नाव घेतलं की समोरच्याचा चेहराच बदलतो.

लोक काय काय बोलतात ते आज शांतपणे निवडून पाहिलं. बॅगेवरून प्रवाशांशी भांडणं, तिकिटावर चढत जाणारे जादा पैसे, उशिरा सुटणारी विमानं. हे वाईटच आहे, पण त्यावरून मी नोकरी ठरवणार नाही. बाँड कडक आहे, मुदतीआधी सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरायचा. तेही चालेल, आकडा पत्रात लिहिलाय, हिशेब मांडता येतो. झोप उडवणारी गोष्ट निराळीच आहे.

तिथे काही वर्षं काढलेल्या एका सिनियर सरांशी संध्याकाळी बोलले. ते म्हणाले, "नियम मोड असं तुला कुणीही सांगणार नाही." मग टेक लॉगचं, म्हणजे विमानातले बिघाड नोंदवायच्या वहीचं, सांगितलं. बाहेरच्या एअरपोर्टवर बिघाड दिसला तरी तो लॉगमध्ये उतरतो बेसला, म्हणजे कंपनीच्या मुख्य ठाण्यावर परतल्यावर, दिवसाच्या शेवटच्या सेक्टरनंतर (सेक्टर म्हणजे एक उड्डाण). मधेच लिहिला तर विमान तिथेच अडकतं, आणि ते कुणी अडकवलं हे लक्षात राहतं. बिघाडाची दुरुस्ती पुढे ढकलणं यात मुळात गैर काही नाही. एमईएल, म्हणजे कोणत्या बिघाडासह विमान उडू शकतं याची यादी, त्यासाठीच असते. तिच्यातल्या सी कॅटेगरीतल्या दुरुस्तीला १० दिवस मिळतात. पण ती घड्याळाची टिकटिक लिहिल्यावर सुरू होते. लिहिलंच नाही तर पुढच्या क्रूला काय कळणार? फटीग रिपोर्टचंही, म्हणजे थकल्यामुळे उडू शकत नाही असं कळवण्याचंही, तसंच. टाकता येतो. मग रोस्टरिंगमधून, म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्या विभागातून, फोन येतो, "नक्की काय झालंय?"

हे ऐकल्यापासून कोल्गन एअर या अमेरिकन कंपनीचा अपघात डोक्यातून जात नाहीये. १२ फेब्रुवारी २००९, बफेलोजवळ त्यांचं डॅश ८ क्यू४०० विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक माणूस गेला. वेग कमी होत गेला, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याची, सूचना आली आणि कॅप्टनने नाक खाली करायचं सोडून कंट्रोल मागे ओढला. फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून बेसला पोचली होती, बरंही वाटत नव्हतं. आजारी असल्याचं कळवलं तर हॉटेलात राहावं लागेल, असं ती बोलल्याचं कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. मी ज्या खुर्चीसाठी सही करणार, त्याच खुर्चीत ती बसली होती. पुढे अमेरिकेने नियम बदलले. २०१४ पासून ड्यूटीआधी किमान १० तासांची विश्रांती लागू झाली, आणि थकलेल्या पायलटने तसं सांगायचं, हेही नियमात आलं. पण सांगितल्यावर त्या माणसाचं काय होतं, ते त्या त्या कंपनीतच ठरतं.

दुसरी बाजूही खरी आहे. उड्डाण न करता राहिलं की हात गंजतो. तिथे दिवसाला चार सेक्टर मिळतील, कमांडही, म्हणजे कॅप्टनची जागाही, लवकर मिळते म्हणतात. सरांसारखी माणसं तिथेच तयार झाली. आणि नवीन पायलटला निवड करायला मिळतेच कुठे, हे आईबाबांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

तरी सही आज नाही. सकाळी एचआरला मेल करणार. फटीग रिपोर्ट कुणाकडे जातो, सेफ्टीकडे की रोस्टरिंगकडे? त्या दिवसाचा पगार कापतात का? बाहेरच्या स्टेशनवर मी विमान नाकारलं तर माझ्याशी आधी कोण बोलणार? उत्तरं लेखी हवीत, फोनवर नकोत. पगारावर, बेसवर मी एक शब्द काढणार नाही, पण या तीन प्रश्नांना बगल दिली तर पत्र परत. बाबांनाही हे मेल जाण्याआधीच सांगायचंय.