रात्री घर मला ओळखत नाही : आईच्या व्हिसाचं अपील

आईचा व्हिसा नाकारल्याची मेल आली तेव्हा मी रेडिंग स्टेशनवर लंडनच्या गाडीची वाट बघत उभी होते. फेब्रुवारी २०२२. पत्राचा सारांश असा की मिरजेत वैद्यकीय सोयी मुबलक आहेत, मुलगी इंग्लंडहून पैसे पाठवू शकते, तेव्हा तिथेच माणूस ठेवून देखभाल करता येईल. मिरजेत दवाखाने कमी आहेत असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. मिरज तर दवाखान्यांचंच गाव. डॉक्टर मिळत नव्हता असं नाहीच. रात्री दोन वाजता उठून आईला संडासला नेणारं, आणि जिचा हात धरायला आईला भीती वाटणार नाही असं माणूस मिळत नव्हतं.

ज्यांचे आईवडील गावाकडे एकटे आहेत आणि जे स्वतः इकडे कायमचे राहतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. मी एकुलती एक. बाबा गेल्यानंतर आईचं पार्किन्सन्स बळावलं, विसरणं वाढलं. अकरा महिन्यांत तीन मावश्या बदलल्या. दोघी स्वतःहून गेल्या, तिसरीच्या हातचं आई जेवेना.

इंग्लंडमध्ये ९ जुलै २०१२ पासून परावलंबी आईवडिलांना आणण्याचा नियम फार कडक झाला आहे. वयामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजची कामं करायला त्यांना दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते हे दाखवावं लागतं. तेवढ्यानं भागत नाही. तुम्ही पैसे पाठवूनसुद्धा तशी देखभाल त्या देशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हेही सिद्ध करावं लागतं. अर्जाची फी तेव्हा ३,२५० पौंड होती. नकार आला की ती गेली.

आमचा पहिला अर्ज एका व्हिसा सल्लागारानं भरला होता. त्यानं दीडशेच्या आसपास पानं जोडली. रक्ताचे रिपोर्ट, एमआरआय, औषधांच्या चिठ्ठ्या. आईला आजार आहे हे त्या पानांतून शंभर वेळा सिद्ध झालं. तिचा दिवस कसा जातो, हे एका पानावरही नव्हतं. याचा राग मला आजही येतो, कारण त्या चुकीची किंमत आईनं दीड वर्ष एकटीनं मोजली.

अपील करायला २८ दिवस होते. नवव्या दिवशी मी एका चेंबर्सला, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामाईक कचेरीला, फोन लावला.

आपल्याकडे बॅरिस्टर म्हटलं की बाबासाहेब आठवतात, नाथ पै आठवतात. विलायतेला जाऊन आलेला मोठा माणूस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाबासाहेब १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले हे शाळेत वाचलेलं, पण इन वेगळं आणि चेंबर्स वेगळं हे मला या प्रकरणात कळलं. इन बॅरिस्टर करते. चेंबर्समध्ये ते बसून काम करतात. आणि चेंबर्स ही कंपनी नव्हे. तिथला प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र, स्वतःचा धंदा करणारा. जागेचं भाडं, कचेरीचा खर्च सगळ्यांत वाटून घ्यायचा, फी मात्र ज्याची त्याची. आमच्या चेंबर्समध्ये फौजदारी, कौटुंबिक, नोकरीचे दावे, इमिग्रेशन आणि वृद्धांच्या देखभालीचे वाद, असं सगळं चालतं. एवढे विषय असणारे लोक एका विषयात किती खोल असतील, अशी मला शंका होती.

नाव कसं शोधलं तेही सांगते. वकिलांच्या क्रमवाऱ्या लावणाऱ्या दोन मोठ्या सूची इथं आहेत, चेंबर्स अँड पार्टनर्स आणि लीगल ५००. त्यांत हे चेंबर्स तीन-चार विषयांत होतं. स्तुतीची वाक्यं सगळ्यांचीच सारखी, त्यावरून मला काही ठरवता येईना. मी गेले ते महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंच्या शब्दावर. त्यांच्या नवऱ्याचा नोकरीचा दावा तिथल्या एका बॅरिस्टरनं हरला होता. हरूनही काकू म्हणाल्या, "आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे कठीण आहे. खोटी आशा लावली नाही." हरलेल्या माणसानं दिलेली ही शिफारस मला त्या सूचींपेक्षा जड वाटली.

फोन उचलला क्लार्कनं. क्लार्क म्हटल्यावर आपल्याला कचेरीतला कारकून दिसतो. तसं नाही. कुठलं काम कुणाकडे जाणार, फी किती, तारखा कशा बसवायच्या, हे सगळं क्लार्कच ठरवतात. फीबद्दल बॅरिस्टरशी एक शब्दही बोलावा लागला नाही. मी घाईघाईनं म्हणाले, सुनावणीसाठी बॅरिस्टर हवा. ते म्हणाले, "आधी कागद पाठवा आणि फक्त लेखी मत घ्या. केस उभी राहत नसेल तर सुनावणीचे पैसे कशाला घालवता?" मिळणारं काम त्यांनी स्वतःहून लहान केलं. फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

इथं कागदपत्रं आणि पत्रव्यवहार सांभाळणारा वकील तो सॉलिसिटर, कोर्टात उभं राहून बाजू मांडणारा तो बॅरिस्टर. पूर्वी मध्ये सॉलिसिटर असल्याशिवाय बॅरिस्टरकडे जाता येत नसे. २००४ पासून थेट जायची वाट मोकळी झाली, इमिग्रेशनसारख्या विषयांना ती नंतर मिळाली. मात्र थेट गेलात की बरंच काम तुमच्या अंगावर येतं. खास परवाना नसेल तर बॅरिस्टर तुमच्या वतीनं अपील दाखल करत नाही, ट्रायब्युनलशी, म्हणजे अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाशी, पत्रव्यवहार करत नाही. आईच्या नावानं अर्ज भरणं, १४० पौंड फी भरणं, कागद चढवणं, तारखा सांभाळणं, सगळं मीच केलं. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी चांगला सॉलिसिटर गाठावा, यात कमीपणा नाही.

मार्चमध्ये पहिल्या भेटीला गेले. अशा भेटीला ते कॉन्फरन्स म्हणतात, बोलताना नुसतं 'कॉन'. पॅडिंग्टनहून टेम्पल स्टेशन, तिथून चढाची गल्ली, आणि टेम्पल या बॅरिस्टरांच्या वस्तीत आत शिरलं की लंडनचा आवाज एकदम बंद. प्रत्येक दाराशी पाटी, तिच्यावर बॅरिस्टरांची नावं हातानं रंगवलेली, ज्येष्ठतेच्या क्रमानं एकाखाली एक. मी त्या पाटीवर बायकांची नावं मोजत उभी राहिले. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण इथं बायकांना वकिलीचं दार उघडणारा कायदा १९१९ साली झाला. आमचं काम बघणारं नावही बाईचंच होतं, पाटीच्या साधारण मध्यावर.

त्याआधी एक भीती फेडून घ्यायची होती. याच चेंबर्समधले काहीजण सरकारच्या बाजूनंही उभे राहतात असं मी वाचलं होतं. मी क्लार्कना सरळ विचारलं. ते म्हणाले, एकाच चेंबर्समधले दोघे एकाच खटल्यात समोरासमोरही उभे राहतात. प्रत्येकाचे कागद वेगळे, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. सॉलिसिटरकडून काम आलं, ते आपल्या विषयातलं असलं आणि वेळ असला, तर पक्षकार आवडत नाही म्हणून नाही म्हणता येत नाही, रांगेतली पहिली टॅक्सी येईल त्या गिऱ्हाइकाला घेते तसं. माझ्यासारखं थेट आलेलं काम मात्र त्या नियमात बसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

बॅरिस्टरबाईंनी नकारपत्र आणि आईचा जुना जबाब समोर ठेवला होता. इंग्रजी जबाबात एक वाक्य होतं, त्याचा अर्थ 'मी दिवसेंदिवस निभावून नेते आहे' असा होत होता. नेमकं तेच नकारपत्रात आमच्या विरोधात वापरलं होतं : अर्जदार स्वतःच म्हणतात की निभावतं आहे. बाईंनी विचारलं, "हे त्यांचे शब्द आहेत?" माझ्या फोनवर मूळ रेकॉर्डिंग होतं. मी लावलं. आईचा थकलेला आवाज खोलीत आला, "काय सांगू बाळा, दिवस ढकलतेय नुसती."

"ढकलणं म्हणजे?"

मी टेबलावरची जाडजूड फाइल हातानं पुढे रेटून दाखवली. रुतलेली गाडी ढकलतात तसं, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हणजे जबाब पुन्हा घ्यायचा. मराठीत. त्यांच्याच शब्दांत, आणि भाषांतर तुम्ही करायचं नाही."

मग त्यांनी माझी परवानगी घेऊन, आईचं नाव न सांगता, वरच्या मजल्यावरच्या एका सहकाऱ्याचं मत विचारलं. ते सहकारी इमिग्रेशन करत नाहीत. ज्यांना स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत अशा वृद्धांच्या देखभालीचे खटले चालवतात. त्यांच्याकडून दोन गोष्टी आल्या आणि त्यांनीच आमची केस उभी राहिली. एक, आजाराचा दाखला नको, चोवीस तासांचा तक्ता हवा. उठवतं कोण, आंघोळ कोण घालतं, गोळ्या कोण देतं, रात्री किती वेळा उठावं लागतं, त्या वेळी घरात कोण असतं. हा तक्ता आईला बघून एखाद्या जाणकारानं करायचा. दुसरं, आईचं डोकं ज्या वेळी सर्वांत स्वच्छ असतं त्या वेळी जबाब घ्या आणि ती वेळ जबाबात लिहा. एवढे विषय एका छताखाली कशाला, या माझ्या शंकेचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं. आमचं प्रकरण कागदावर व्हिसाचं होतं, आतून देखभालीचं होतं, आणि ते ओळखणारा माणूस जिना चढून गेलं की भेटत होता.

कायद्याचा आधारही होता. २०१७ साली ब्रिटसिट्स नावाच्या खटल्यात अपील कोर्टानं हे नियम वैध ठरवले, पण देखभाल पुरेशी आहे का हे बघताना माणसाच्या मानसिक आणि भावनिक गरजाही, वैद्यकीय पुरावा असेल तर, धरल्या पाहिजेत असं म्हटलं. आई परक्या बाईच्या हातचं जेवत नाही, हे हट्ट म्हणून सोडून द्यायचं नव्हतं. मिरजेतल्या मानसोपचार डॉक्टरांनी आईला तीनदा तपासून त्यावर अहवाल दिला. नर्सिंग ब्युरोंची पत्रं आणली, सोडून गेलेल्या मावश्यांच्या तारखा लिहिल्या.

जबाबासाठी माझा मामेभाऊ सांगलीहून सकाळी दहाला पोचला. आई चहा पिऊन खिडकीशी बसली होती. मी मनातून वाट बघत होते की ती पुन्हा 'दिवस ढकलतेय' म्हणेल. बाईंनी बजावलं होतं, म्हणाली नाही तर लिहायचं नाही, तिच्या तोंडात एक शब्द घालायचा नाही. ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "दिवसाचं ठीक आहे रे. रात्र झाली की घर मला ओळखत नाही."

जानेवारी २०२३ मध्ये दुसरा कॉन झाला. मधे राणी गेली होती, त्यामुळे पाटीवरच्या वरच्या नावांपुढची क्यूसी (क्वीन्स काउन्सेल, राणीच्या नावानं मिळणारा ज्येष्ठ बॅरिस्टरांचा किताब) ही अक्षरं जाऊन केसी (किंग्ज काउन्सेल) आली होती. मी विचारलं, सुनावणीत मी काय बोलू? बाई म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही, साक्षीदाराची तालीम घेणं आम्हाला मना आहे. "विचारलेलं ऐका. तेवढ्याचंच उत्तर द्या. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा." बस.

फेब्रुवारीत हॅटन क्रॉसला सुनावणी झाली. हीथ्रो विमानतळाला लागूनच आहे, डोक्यावरून विमानं उतरत असतात. विग नाही, झगा नाही, साधी खोली. आईला व्हिडिओवर साक्ष देता आली नाही. परदेशातून तोंडी साक्ष घ्यायची तर त्या देशाची संमती लागते, म्हणून तिचा लेखी जबाबच पुढे होता. सरकारच्या प्रतिनिधीनं मला पाऊण तास विचारलं. दोन मावश्या का ठेवत नाही? तुम्हीच परत का जात नाही? माझा मुलगा तेव्हा दहावीला होता, ते सांगताना आवाज फुटला. बाई मधे पडल्या नाहीत, पडायचंही नव्हतं.

मग जज्जांनी स्वतः एकच गोष्ट विचारली. भाषांतरात चूक आहे का? त्यांना घर ओळखू येत नाही, असं म्हणायचं आहे ना? मी म्हणाले, नाही. घर तिला ओळखत नाही, असंच ती म्हणाली. त्यांनी ते लिहून घेतलं. पाच-सहा सेकंद कुणी बोललं नाही, वरून एक विमान गेलं.

निकाल साडेतीन आठवड्यांनी आला. अपील मंजूर. चोवीस तासांच्या तक्त्यावर जवळजवळ दोन पानं होती, एमआरआयवर एक ओळ. सरकारला वर जायची मुदत होती ती मोजून काढली, ते गेले नाहीत. प्रत्यक्ष व्हिसा हातात यायला आणखी काही महिने लागले. तो आल्यावर मी क्लार्कना कळवलं. बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं, आईंना विमानात मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची मागून घ्या, रात्री उठावं लागतं ना.

जुलैमध्ये आई आली. तिच्याच खोलीत मी खाली गादी टाकली होती. पहिल्या रात्री ती दोनदा उठली, दोन्ही वेळा मला नावानं हाक मारली.