अंडी पोटाशी, पिल्लं वाऱ्यावर

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये क्लीनर श्रिंप (माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाणारी कोळंबी) ठेवली की एकदा तरी हे होतंच, सकाळी तळाशी श्रिंप आडवी पडलेली दिसते, मिशांसकट अख्खी, आपण हळहळतो, आणि तेवढ्यात तीच बया दगडामागून टुकटुक बघत बाहेर येते. खाली पडलेली असते ती नुसती कात. आणि जोडी असेल तर आपण झोपेत असताना रात्रीत सगळं उरकलेलंही असतं, कारण कात टाकल्यावर अंग मऊ असतं त्या काही तासांतच यांचं मेटिंग होतं.

यात नर कोण नि मादी कोण विचारू नका. क्लीनर, पेपरमिंट, लालभडक फायर श्रिंप, हे अख्खं लिस्माटा खानदान आधी नर असतं आणि मोठं झालं की एकाच वेळी नर पण आणि मादी पण. त्यामुळे एकाच जातीच्या कुठल्याही दोन मोठ्या श्रिंप आणा, जोडी जमली, पत्रिका बघायला नको. जिने कात टाकली ती त्या वेळची मादी, पुढच्या खेपेला उलट. एकटीचं मात्र काही खरं नाही, अंडी येतात पण फळत नाहीत, थोड्या दिवसांत गळून जातात.

अंडी सांभाळताना तिला बघावं. पोटाखालच्या पायांना हिरवट घोस चिकटलेला, आणि ती ते पाय सारखे हलवत अंड्यांना ताजं पाणी देत राहते, मधेच बारीक चिमट्याने चाचपते. दिवस भरत आले की हिरवा रंग उतरतो, अंडी चंदेरी दिसायला लागतात, भिंगातून बघितलं तर प्रत्येकात डोळ्यांचे काळे ठिपके! साधारण दोन आठवडे हे सगळं इतकं मन लावून चालतं की वाटतं काय माया आहे.

आणि मग एका रात्री लाइट बंद झाल्यावर ती पोट झटकते, शेकडो पिल्लं पाण्यात, हिचा विषय संपला. लगेच पुन्हा कात, पुन्हा नवी अंडी. टॉर्च मारला तर पिल्लं उजेडाकडे झेपावतात, काचेसारखी आरपार, डोळेच काय ते दिसतात. सकाळी एक नसतं. मासे खातात, कोरल खातात, उरलेली फिल्टरमध्ये जातात.

वाढवता येतात, नाही असं नाही. गोल वेगळा टँक, खायला रोज ताजी उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव), त्यात ही पिल्लं एकमेकांनाही खातात, आणि जरा मोठी झाल्यावर वल्ह्यासारखे जे लांब पाय फुटतात ते धक्का लागला की तुटतात. पेपरमिंट महिना-दीड महिन्यात मार्गी लागू शकते पण क्लीनरला पाच-पाच महिने लागतात, म्हणून तर विकायला येणाऱ्या बहुतेक क्लीनर अजून समुद्रातूनच पकडून आणलेल्या असतात. मी तरी त्या फंदात पडत नाही. त्या रात्री फक्त फिल्टर थोडा वेळ बंद ठेवायचा, स्पंजमध्ये अडकून कुजण्यापेक्षा कोरलच्या पोटात गेलेली बरी.