१,४२,८५७ आणि देवळालीचे कापरेकर

एक सप्तमांशाचे दशांश रूप काढताना १४२८५७ हे सहा अंक पुन्हा पुन्हा येतात आणि या संख्येला २ पासून ६ पर्यंत कशानेही गुणले तरी तेच अंक त्याच क्रमाने फिरून येतात, हे बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. मला मात्र या संख्येचे खरे अप्रूप आमच्या नाशिकच्या देवळालीमुळे वाटते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० ते १९६२ या काळात तेथे शिक्षकाची नोकरी केली आणि फावल्या वेळात संख्यांचे नवनवे प्रकार शोधले. ६१७४ मुळे त्यांचे नाव जगभर झाले, पण त्यांनी सांगितलेल्या तीन प्रकारांत एकाच वेळी बसणारी १,४२,८५७ मला अधिक जवळची वाटते.

तिच्या अंकांची बेरीज २७ असून तिला २७ ने निःशेष भाग जातो, म्हणून ती हर्षद संख्या आहे. तिच्या पाचही पटींत अंक तेच असल्यामुळे त्याही आपोआप हर्षद ठरतात.

तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते; हीच कापरेकर संख्येची व्याख्या. असे का होते, हे पाहण्यासारखे आहे. १,४२,८५७ ची सातपट ९,९९,९९९ येते आणि तिच्याहून एकाने लहान असलेली १,४२,८५६ ही २०४०८ ची सातपट आहे, त्यामुळे या दोन शेजारी संख्यांचा गुणाकार म्हणजे ९,९९,९९९ गुणिले २०४०८. त्यात १,४२,८५७ मिळवले की वर्ग तयार होतो. ९,९९,९९९ म्हणजे दहा लाखांत एक कमी, म्हणून २०४०८ डावीकडे सरकतो आणि उजवीकडच्या १,४२,८५७ मधून नेमका तेवढाच वजा होतो.

तिसरा प्रकार स्वयंभू संख्यांचा. त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. २१ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ३ मिळवली की २४ येते, म्हणून २१ ही २४ ची जनक. जिला अशी जनकच नाही, ती स्वयंभू, उदाहरणार्थ २०. गेल्या रविवारी सकाळी मी वहीत १,४२,८०० पासून एकेक संख्या तपासत गेलो. त्याखालच्या संख्या तपासण्याची गरज नव्हती, कारण त्यांच्यापासून फार तर १,४२,८३१ पर्यंत पोहोचता येते. १,४२,८३४ पासून १,४२,८५६ मिळाली, पुढच्याच १,४२,८३५ पासून एकदम १,४२,८५८, आणि मधली १,४२,८५७ शेवटपर्यंत कोठूनही आली नाही. तिच्या दुपटीला, म्हणजे २,८५,७१४ ला मात्र २,८५,६७८ ही जनक लगेच सापडली.