फळ्यावर न लिहिलेली बातमी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा शाळेतून निरोप आला आणि डोळ्यांसमोर आला तो जिन्याखालचा वार्ताफलक. एका कोपऱ्यात रंग उडालेला, तिथे खडू उमटायचाच नाही. १९७१ साली मी सातवीत होते. अक्षर बरं म्हणून शाळा भरायच्या आधी त्यावर बातम्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. एरवी त्यात काही राम नव्हता. ठाण्यात तेव्हा नगरपालिका होती. तिच्या पाण्याच्या वेळा, खो-खोचे निकाल, कुणा पुढाऱ्याचं भाषण. वाचायला कुत्रं फिरकायचं नाही. डिसेंबर उजाडला आणि माझा भाव एकदम वधारला.

३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. मध्यरात्रीनंतर इंदिराबाई रेडिओवरून बोलल्या. आम्हाला कळलं ते शनिवारी सकाळी. "लढाई सुरू झाली आणि मी घोरत पडलो होतो," ही खंत बाबा पुढे कितीतरी वर्षं बोलून दाखवायचे.

आम्ही नौपाड्यात राहायचो, दोन खोल्या आणि समाईक गॅलरी. ब्लॅकआउटचा हुकूम आला तशी गोखले रोडवरच्या दुकानांतून खाकी कागद दिसेनासा झाला. आईने डोकं चालवलं आणि माझ्या वह्यांची कव्हरं उतरवली. खळ लावून ती तावदानांवर चिकटवली, लेबलांसकट. त्यामुळे स्वयंपाकघराच्या झरोक्यावर पुढचे कित्येक दिवस 'इयत्ता सातवी, विषय : भूगोल' असं उलटं वाचता यायचं. कव्हर नसलेल्या वह्यांबद्दल बाईंनी एरवी छडी दिली असती. त्या महिन्यात वर्गात कुणाच्याच वह्यांना कव्हर नव्हतं.

जेवणं दिवेलागणीच्या आत उरकायची. पण दिवेलागणीलाच दिवा लावायचा नाही, हे आजीला पटेना. तिन्हीसांजेला देव अंधारात ठेवायचे? शेवटी तिने तोडगा काढला : निरांजन पितळी डब्यात ठेवून डब्याचं तोंड देवांकडे करायचं. देवांना दिवा दिसे, आम्हाला नाही. खालून नागरी संरक्षणवाल्या पोरांच्या आरोळ्या यायच्या, "ए दुसरा मजला, दिवा घालवा!" नुकतीच पौर्णिमा झालेली, बाहेर पिठासारखं चांदणं. तलावपाळीचं पाणी, कोपिनेश्वराचा कळस, सगळं लख्ख. आजी गॅलरीत उभी राहून म्हणायची, "आणि ह्या वरच्याला कोण सांगणार, दिवा घालव म्हणून?" पुढे रोज चंद्र उशिरा उगवत गेला आणि अंधार खरोखरीचा झाला. लढाई पौर्णिमेला लागून सुरू झाली आणि अमावास्येला टेकून संपली, हे गणितही आजीचंच.

रेडिओ अख्ख्या मजल्यात आमच्याकडे एक. व्हॉल्व्हचा, तापायलाच मिनिटभर घ्यायचा. त्याच्या तबकडीवरचा उजेड दिसू नये म्हणून वर टॉवेल. त्या टॉवेलाभोवती पंधरा-वीस माणसं बसायची. पावणेनऊच्या हिंदी बातम्या झाल्या की नऊच्या इंग्रजी. तेच सगळं पुन्हा. पण इंग्रजीत काही वेगळं सांगतील अशी सर्वांना आशा. पेपरही आमच्याकडेच यायचा. आठच्या लोकलला जाताना बाबा तो समोरच्या काकूंच्या दारात देऊन जायचे. त्यात कधी खंड पडला नव्हता.

काकूंचा मोठा मुलगा नौदलात. धाकटी माझ्या बाकावर. दादाचं शेवटचं पत्र नोव्हेंबरातलं, त्यात लिहिलेलं : 'बदली होणार आहे, नव्या जहाजाचं नाव पोचल्यावर कळवतो.' त्यानंतर काही नाही. कराचीवर आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी हल्ला केला, ही बातमी मी फलकावर रंगीत खडूने लिहिली, खाली आगीच्या ज्वाळा काढल्या. काकूंनी त्या दिवशी मजल्यावर साखर वाटली. दादा तिथेच असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मग खुक्रीची बातमी आली. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीने आय.एन.एस. खुक्री बुडवली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले. बाबांनी पेपर वाचला, घडी घातली आणि गादीखाली सारला. काकूंच्या दारावरून चपला न वाजवता खाली उतरले. आई मला एवढंच म्हणाली, "शाळेत तोंड उघडू नकोस."

मी फलकावर पूर्व आघाडीचं लिहिलं, पंजाबातलं लिहिलं, वर सुविचारही लिहिला. मराठीचे सर आले. ऱ्हस्व-दीर्घाला फार कडक. फलक ओल्या फडक्यानिशी तपासायचे. "मुख्य बातमी कुठाय?" मी गप्प. दोनदा विचारलं तेव्हा मैत्रिणीचं नाव घेतलं आणि रडायलाच लागले. सरांनी माझ्या हातून खडू घेतला, एका ओळीत खुक्री लिहिली, आकड्यांसकट. मागे वळले तर ती दारातच उभी. तिने ओळ वाचली आणि मला म्हणाली, "आज पेपर आला नाही ना, तेव्हाच आईने ओळखलं. नाक्यावरच्या पानवाल्याकडे जाऊन वाचून आली ती."

आमच्या घरच्या शहाणपणाची मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपर दारात दिला. काकूंनी घेतला. दोघंही काही बोलले नाहीत.

१६ तारखेला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आईचं उद्यापन. कथा संपली होती, बायकांच्या हातात केळी नि हळदीकुंकू चाललेलं. तेवढ्यात कुणीतरी रेडिओ मोठा केला : ढाक्यात शरणागती. गॅलरीत एकच गलका झाला, थाळ्या वाजल्या. काकू कुंकवाचा करंडा हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, "भाऊजी, आता पत्रं चालू होतील ना?"

१७ तारखेला मी फलकभर मोठ्या अक्षरांत 'शरणागति' लिहिलं. सरांनी पुसून 'शरणागती' केलं. युद्ध जिंकलं म्हणून शुद्धलेखनाची सुट्टी नाही, म्हणाले.

नाताळच्या आसपास एका संध्याकाळी दादा स्वतःच जिना चढून आला. बदली रद्द झाली होती. सगळी लढाईभर तो मुंबईतच गोदीत होता; बाहेर पडायची मुभा नव्हती आणि टाकलेलं पत्र काही पोचलं नव्हतं. लोकलने तासाभराच्या अंतरावर! काकूंनी त्याला आधी जेवायला वाढलं, मग मजला हादरेल असं झापलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने माझ्याकडून खडू मागून घेतला. फलकाच्या तळाशी, 'स्थानिक'खाली लिहिलं : 'आमचा दादा घरी आला'. सर फडकं घेऊन आले, वाचलं, राहिलेला पूर्णविराम दिला आणि वर्गावर निघून गेले.

— एक माजी विद्यार्थिनी