एमएक्स-५ का जीआर८६: सात महिन्यांची घालमेल आणि एक निर्णय

मला ही गाडी फक्त चालवायला मजा यावी म्हणून घ्यायची होती. घरात एक मोठी एसयूव्ही आहेच, किराणा, मुलीचे क्लास, पाहुण्यांना विमानतळावरून आणणं सगळं तिच्यावर चालतं. माझी जुनी सेडान १,४०,००० मैल होऊन थकली होती, चाळिशी आली होती, म्हटलं आता नाही घेतली तर कधी घेणार. बजेट तीस हजार डॉलरच्या आसपास आणि अटी दोन, गिअर हातानेच टाकायचे, आणि गाडी रोज ऑफिसला न्यायची, कव्हर घालून गॅरेजमध्ये ठेवायची नाही. मागच्या चाकांना ताकद जाणारी, हलकी, छोटी, या पैशात येणारी गाडी शोधायला गेलं की फिरून फिरून दोनच नावं समोर येतात, माझदा एमएक्स-५, जिला इथे अमेरिकेत सगळे मियाताच म्हणतात, आणि टोयोटा जीआर८६. (सुबारूची बीआरझेड ही जीआर८६ ची जुळी बहीण, दोघी जपानमध्ये सुबारूच्याच कारखान्यात बनतात, त्यामुळे तिला वेगळी धरली नाही.) भारतात यातली एकही अधिकृतपणे विकली जात नाही, म्हणून आपल्याकडे यांच्याबद्दल मराठीत फार कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर.

आधी माझा रस्ता सांगतो कारण शेवटी निर्णय त्यानेच केला. मी कॅलिफोर्नियात सनीवेलला राहतो, ऑफिस रेडवुड सिटीला. सकाळी घाई असते तेव्हा सरळ २८० हायवे. पण संध्याकाळी, विशेषतः उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड असतो तेव्हा, वुडसाइडवरून ८४ नंबरच्या रस्त्याने डोंगर चढायचा, वर स्कायलाइन नावाच्या रस्त्याला लागायचं, रेडवुडच्या झाडांमधून दक्षिणेला जायचं आणि ९ नंबरच्या रस्त्याने साराटोगाला उतरून घरी. वेळ भरपूर जास्त लागतो पण पूर्ण घाट आहे, वळणावर वळण. मी गाडी शिकलो ती साताऱ्याला, काकांच्या मारुती ८०० वर, यवतेश्वरच्या घाटात, त्यामुळे घाट दिसला की मला घरी आल्यासारखंच वाटतं.

आता आकडे, कारण पहिले दोन महिने मी फक्त आकडेच बघत होतो. मियाताला २.० लिटरचं इंजिन, १८१ हॉर्सपॉवर, वजन साधारण १,०६० किलो. जीआर८६ ला २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, म्हणजे चारही सिलिंडर आडवे झोपवलेले, त्यामुळे वजन खाली राहतं, २२८ हॉर्सपॉवर, गाडी १,२७५ किलोच्या आसपास. नुसतं १८१ आणि २२८ बघितलं तर वाटतं एकतर्फी सामना आहे. पण टनामागे ताकद काढली तर एकीला १७० आणि दुसरीला १७९, म्हणजे सरळ रस्त्यावर जवळपास सारख्याच. खरा फरक त्या २१५ किलोंचा, म्हणजे तीन धडधाकट माणसं एका गाडीत कायमची बसलेली. दोघींचं इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, फिरतं. जीआर८६ चा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, ३,७०० लाच पूर्ण मिळतो, हे महत्त्वाचं आहे, कारण २०१२ ला आलेल्या तिच्या आधीच्या पिढीत मधल्या आरपीएमला एक खड्डा होता, गाडी तिथे दम टाकायची, तो यात बुजवलाय.

डीलरकडच्या टेस्ट ड्राइव्हने काहीच कळलं नाही, अगदी खरं सांगतो. शेजारी सेल्समन, एल कमिनो या गर्दीच्या रस्त्यावर चार सिग्नल, एक यू-टर्न, संपलं. दोन्ही गाड्या छान वाटल्या, अशा ड्राइव्हमध्ये कुठलीही नवी गाडी छानच वाटते. एका डीलरने तर जीआर८६ वर छापील किमतीच्या वर चार हजार डॉलर मागितले, आत्ता सही करा नाहीतर उद्या नसेल म्हणाला, मला त्याचा इतका राग आला की मी महिनाभर त्या गाडीचं नाव काढलं नाही, आणि ते चुकलं, कारण त्यात गाडीचा काय दोष.

मग ऑफिसमधल्या एका मित्राने डोकं लावलं. म्हणाला, "अरे, लोक स्वतःच्या गाड्या अ‍ॅपवरून भाड्याने देतात, दोन्ही घे, एकेक वीकेंड चालव, तुझ्याच रस्त्यावर चालव." या अख्ख्या प्रकरणात मला मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला हाच. दोन वीकेंडचे मिळून पाचशे-सहाशे डॉलर गेले पण तीस हजारांचा निर्णय घेताना ते काहीच नाहीत.

पहिली घेतली जीआर८६. शुक्रवारी संध्याकाळी उचलली, तीन दिवस ठेवली. बसल्या बसल्या आवडली, सीट खाली, स्टिअरिंग सरळ छातीसमोर, सगळी बटणं हाताशी. वुडसाइडच्या वर चढ लागल्यावर तिसऱ्या गिअरला नुसता पाय दाबला की ओढते, गिअर बदलायची गरजच नाही. वळणात घातली की झुकत नाही, सपाट राहते, पकड एवढी की मला वाटलं मी आहे त्यापेक्षा चांगला ड्रायव्हर आहे. त्या गाडीला १८ इंचाची चाकं आणि चांगले चिकट टायर होते, त्याचाही हात असणार (बेस मॉडेलला १७ इंचाची आणि साधे टायर येतात, ती लवकर घसरते आणि काही लोकांना तेच जास्त आवडतं). इंजिनचा आवाज मात्र स्पीकरमधून वाढवून देतात, ते एकदा लक्षात आल्यावर मला सारखं जाणवत राहिलं. शनिवारी मुलीला मागच्या सीटवर बसवलं, ती नऊ वर्षांची, तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकले पण बसली, आइस्क्रीम खाऊन आलो. मागची सीट पाडली की चार टायर आत बसतात, म्हणजे ट्रॅकवर जाणाऱ्यांनी आपले टायर घेऊन जावेत म्हणून तशी केलेली आहे. रविवारी रात्री गाडी परत देताना माझं जवळपास ठरलेलं होतं.

पण एक गोष्ट डोक्यात राहिली. रविवारी सकाळी स्कायलाइनवर माझ्या पुढे एक पिकअप ट्रक होता, ताशी ३५ मैलांनी चाललेला, ओव्हरटेक करायला जागा नाही. त्या ३५ च्या वेगात जीआर८६ मध्ये काहीच होत नव्हतं. गाडी शांत, मी शांत, नुसतं मागे मागे जातोय. ती जागी व्हायची ती मी तिला जोरात पळवली की, आणि त्या रस्त्यावर सायकलवाले असतात, हरणं असतात, आंधळी वळणं असतात, तिथे जोरात पळवायचं नसतं.

तीन आठवड्यांनी मियाता घेतली, २०२० ची, कापडी टपाची. पहिली अडचण म्हणजे सामान कुठे ठेवायचं. पुढे ग्लोव्ह बॉक्सच नाही, दोन सीटच्या मध्ये पाठीमागे एक छोटा कप्पा आहे, हात उलटा वळवून उघडावा लागतो. डिकी १३० लिटरची, त्यात ऑफिसची बॅग, डबा आणि एक जाकीट. हायवेवर आवाज खूप, फोनवर बोलायचं तर ओरडावं लागतं, सहाव्या गिअरला ७० मैलांच्या वेगात इंजिन २,८०० च्या आसपास फिरत असतं आणि शेजारून ट्रेलर गेला की त्याचं चाक आपल्या डोक्याएवढ्या उंचीवर. २८० वरून जाताना मी मनात म्हणत होतो, नाही जमणार हे, रोज नाही जमणार.

आणि मग ८४ ला वळलो, सिग्नलला थांबलो तेव्हा खिटी काढून टप एका हाताने मागे टाकला, बसल्या जागेवरून, पाच सेकंद. पहिल्याच वळणात गाडी झुकली. जीआर८६ सारखी सपाट नाही राहत ही, तिचं सस्पेन्शन मऊ आहे, ती कलते, पण अशी कलते की तुम्हाला आधी सांगते, आता वजन डाव्या पुढच्या चाकावर आलं, आता मागे चाललंय, आता तू अ‍ॅक्सिलरेटर दिलास तर बरं. ३० मैलांच्या वेगात हे सगळं कळतं. गिअरचा दांडा एवढासा हलतो, मनगट फिरवलं की खटकन बसतो, मी गरज नसताना उगाच दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा करत होतो. दुसरा गिअर जवळजवळ ६० मैलांपर्यंत जातो. वर रेडवुडमध्ये शिरल्यावर हवा एकदम थंड झाली, ओल्या मातीचा आणि पाल्याचा वास, कुठेतरी पाण्याचा आवाज, त्याच रस्त्याने मी कितीतरी वेळा गेलोय पण तिथे बाजूला ओढा आहे हे मला त्या दिवशी कळलं. आणि नशीब बघा, पुढे ट्रक आलाच, तसाच ३५ ने चाललेला, आणि मला त्याच्यामागे वीस मिनिटं जाऊन अजिबात त्रास झाला नाही.

तेव्हा मला काकांची ८०० आठवली. ७९६ सीसी, जेमतेम ३७ हॉर्सपॉवर, पण यवतेश्वर चढताना ती सगळीच्या सगळी वापरावी लागायची, चुकीचा गिअर टाकला की लगेच कळायचं, बरोबर टाकला की तेही कळायचं. मला रोज संध्याकाळी तेच हवं होतं, अख्खी गाडी वापरल्याचा आनंद, तोही वेगाची मर्यादा न मोडता. माझदाचे लोक या गाडीबद्दल जपानीतला एक शब्द वापरतात, जिंबा इत्ताई, घोडा आणि स्वार एकजीव. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिली मियाता आली तेव्हापासून त्यांनी ही एक गोष्ट सोडलेली नाही, आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी बनली.

तरीही मी लगेच घेतली नाही, अजून दोन महिने गेले, कारण दोन सीट हा साधा प्रश्न नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, आपण तिघं एकत्र जाऊ तेव्हा मोठी गाडी घेऊच ना, जीआर८६ च्या मागच्या सीटवर मी तर बसणार नाही आणि दोन वर्षांनी ही पण मावणार नाही." बरोबर होतं तिचं, ती मागची सीट मी स्वतःला समजवायला धरून बसलो होतो. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न केला, माणसं किती बसतात, मी म्हटलं दोन, तर क्षणभर थांबून म्हणाले, "येझदीवर तरी दोघंच बसायचो की, कधी कमी पडलं का काही?"

खर्चाचंही बघितलं. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांप्रमाणे मॅन्युअल मियाता गॅलनला २९ मैल देते आणि मॅन्युअल जीआर८६ २२, म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला १२ च्या वर आणि सव्वानऊ. रोज चालवायची तर हा फरक जाणवतो. इन्शुरन्सचे कोटेशन मी दोघींचे आधीच मागवून ठेवले होते, माझ्या बाबतीत जीआर८६ चा हप्ता जास्त आला. हे प्रत्येकाचं वेगळं येतं, पण गाडी ठरवायच्या आधी विचारा, नंतर नको.

शेवटी सेकंडहॅन्डच घ्यायची ठरवली, आणि २०१९ च्या पुढचीच. हे नीट लक्षात ठेवा, कारण त्या वर्षी अमेरिकेतल्या गाडीचं इंजिन १५५ वरून १८१ हॉर्सपॉवरचं झालं, आरपीएम ६,८०० वरून ७,५०० वर गेले, आणि स्टिअरिंग पुढेमागे सरकवायची सोय आली, जी आधी नव्हतीच. माझे हात आखूड, माझ्यासाठी तेवढ्या एका गोष्टीनेच फरक पडला असता. या पिढीच्या सुरुवातीच्या काही गाड्यांमध्ये गिअरबॉक्सच्या तक्रारीही होत्या. क्लब मॉडेल शोधलं कारण त्यात लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक मागचं चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारं) आणि बिल्स्टीनचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर येतात. चार गाड्या बघितल्या. एकीचा टप मागच्या काचेजवळ घासून विरला होता, एकीच्या सीटमागचा गालिचा ओलसर लागला. टपावरचं पाणी जायला सीटच्या मागे दोन बाजूंना निचऱ्याची भोकं असतात, त्यात पानं अडकली की पाणी आत मुरतं आणि खालून गंज धरतो, म्हणून जुनी मियाता बघायला जाल तेव्हा तिथे हात घालून बघाच. चौथी २०२१ ची, १८,००० मैल झालेली, एका निवृत्त बाईंची, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने लिफ्टवर घेऊन तासभर बघितली, काहीच निघालं नाही.

आता चौदा महिने झाले, ११,००० मैल. गॅलनला ३१ मिळतात. हायवेवरचा आवाज अजून आवडत नाही, फोन बंद करून गाणी लावतो किंवा काहीच लावत नाही. पावसाळ्यात, म्हणजे इथे डिसेंबर-जानेवारीत, महिन्यातून एकदा ती निचऱ्याची भोकं साफ करतो. चढावर कधीकधी जीआर८६ च्या त्या तिसऱ्या गिअरच्या ओढीची आठवण येते, येणारच, चांगली गाडी आहे ती, ट्रॅकवर जायचं असतं तर मी डोळे मिटून तीच घेतली असती.

गेल्या महिन्यात मुलीला घेऊन माउंट हॅमिल्टनला गेलो, सॅन होजेच्या पूर्वेला, वर लिक वेधशाळा आहे. तो रस्ता १८७६ चा, दुर्बिणीचं सगळं सामान घोड्यांनी ओढून वर न्यायचं होतं म्हणून चढ मुद्दाम मंद ठेवला आणि त्याची भरपाई म्हणून वळणंच वळणं. घोड्यांसाठी केलेला रस्ता, मियाताला याहून चांगला कुठला मिळणार. वर पोचेपर्यंत थंडीने आमचे कान लाल झाले होते, हीटर पायावर सोडलेला, टप उघडाच. मी म्हटलं लावू का, तर तिने टोपी कानावर ओढली आणि म्हणाली, "नको ना बाबा, उतरताना पण उघडाच ठेव."